आपांची कॉम्प्युटर-सून

आपा गाठींशी बोलायच्या. पेशंटशी जेवढं बोलायच्या तेवढंच, कधीकधी जरा जास्तच. सोनोग्राफीच्या टेबलावर बाई झोपलेली, छातीवर जेली, खोलीत अंधार, आणि आपा पडद्याकडे बघून दरडावणार, "काय गो, लपतेस कशाला? ये, पुढे ये. तोंड दाखव." टेबलावरच्या बाईला वाटायचं, आपल्यालाच म्हणताहेत. ती बिचारी तोंडावरचा पदर बाजूला करायची. मग आपा हसायच्या. "तू न्हाय गो बाय, तुझी गाठ."

गाठींच्या जातीही त्यांनी माणसांसारख्या लावल्या होत्या. साधी गाठ आडवी पसरते, गुळगुळीत असते, आपल्या कुंपणाच्या आत राहते. तिला त्या म्हणायच्या, "ही जेवून दुपारची झोपलेली हाय. झोपू दे." पाण्याची गाठ आतून काळीकुट्ट आणि तिच्यामागे उजेड. "ही नुसती फुगलीय. टाचणी लावली की संपली." तिसरी मात्र आडवी कमी आणि उभी जास्त. कडेनं पाय फुटल्यासारखी, शेजारच्या हद्दीत घुसणारी, आणि मागे काळी सावली टाकणारी. तशी दिसली की आपा बोलायच्या थांबायच्या. मग एवढंच म्हणायच्या, "ही उभी हाय." ते ऐकलं की मी बाहेर जाऊन त्या बाईच्या नवऱ्याला, नाहीतर सासूला, नाहीतर जे कोण बरोबर असेल त्याला आत बोलवायची.

अख्खी भिवंडी त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही तेवढंच म्हणते. गावातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. वडलांचे लूम होते, भाऊ लूमच बघायचे, आणि ही एकटी मुंबईला जाऊन डॉक्टरीण होऊन परत आली. धामणकर नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर त्यांचं सेंटर होतं. खाली लूमचा कारखाना. दिवसभर जमीन थरथरायची आणि टेबलावरच्या बाईला वाटायचं, मशीनच आपल्याला हलवतंय. खारबावची बाई आली की आपा तिच्यासारखं हाय-न्हाय बोलायच्या, लूमवाल्या भय्याच्या बायकोशी हिंदीत, आणि तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या बायकांशी चार तेलुगू शब्द आणि बाकी हातवारे. माझ्याशी मराठीत बोलायच्या. पण मी नांदेडकडची असल्यामुळे माझं मराठी त्यांना मराठी वाटायचं नाही, आणि त्यांचं मला.

मी बिलोलीकडच्या एका खेड्यातली. सातवीत शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, याच्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. लग्न झालं आणि नवऱ्यामागं भिवंडीला आले. हे लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. मी कापड चेकिंगला लागले. उजेडाच्या टेबलावरून ग्रे, म्हणजे न धुतलेल्या कोऱ्या कापडाचा तागा ओढत न्यायचा आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की काठावर खूण करायची. आठ वर्षं मी दुसरं काही केलं नाही. त्या आठ वर्षांत मला लोकांच्या तोंडाकडे बघायची सवय राहिली नव्हती. त्यांच्या शर्टाकडे बघायची सवय मात्र पक्की झाली होती.

एकदा शेजारणीसोबत आपांकडे गेले. तिला एकटीनं आत जायची भीती वाटत होती, म्हणून मला आत घेतलं. आपांनी मशीन फिरवलं. पडद्यावर करडं-पांढरं काहीतरी हललं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं वीण बिघडली!" आपांनी हात थांबवला. मी दाखवलेल्या जागेवर परत गेल्या. तिथं तांदळाएवढी गाठ होती. साधीच निघाली, पण होती.

"काय काम करतेस गो?"

"कापड चेकिंग."

"सोड ते. सोमवारपासून हिकडे ये."

आयुष्यात मी दिलेला हा एकमेव इंटरव्ह्यू. त्यात मी शेजारणीच्या छातीला कापड म्हणाले आणि पास झाले.

काम सोपं होतं. नावं लिहायची, जेलीची बाटली गरम पाण्याच्या तपेलीत ठेवायची (आपा म्हणायच्या, "आधीच बाई घाबरलेली, वर आपण बर्फ लावायचा?"), निघालेले फोटो नंबरवार लावायचे आणि बाहेर बसलेल्या बायकांना धीर द्यायचा. हे शेवटचं मला जमायचं नाही, कारण मीच त्यांच्याहून जास्त घाबरलेली असायची. एकदा मी एका बाईला म्हणाले, "घाबरू नका, काही नसतं." आपांनी दार उघडं टाकून आतूनच सुनावलं, "खोटं बोलू नकोस. घाबर म्हणावं. पण हिथे बसून घाबर, घरी जाऊन न्हाय." आपा कुणालाच घाबरू नको म्हणायच्या नाहीत. घाबरलेल्या माणसाला त्या खुर्ची द्यायच्या.

आता ती गोष्ट सांगते, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. आपांकडे लागून तीन वर्षं झाली असतील. एक दिवस आंघोळीला माझ्याच छातीत उजव्या बाजूला हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, कडक. शेकडो बायकांना मी रोज सांगत होते, "ताई, हाताला काही लागलं तर लगेच या." आणि मला लागलं तेव्हा मी साबण लावला, पाणी ओतलं आणि डबा भरायला घेतला.

का सांगितलं नाही? कारणं मोजली तर पुष्कळ आणि एकही शहाणपणाचं नाही. एक तर आपांचे उपकार. ज्यांनी मला उजेडाच्या टेबलावरून उठवून खुर्चीत बसवलं, त्यांना काय सांगायचं, की तुमच्याकडचा आजार मलाच लागला? दुसरं, मला पक्कं वाटत होतं की हे त्या जेलीच्या बाटल्या छातीशी धरून गरम केल्यामुळे झालं. तपेलीतलं पाणी थंड झालं की मी तसं करायची, आणि आपांना ते माहीत नव्हतं. तिसरं, सांगितलं तर त्या बघतील. बघितलं तर "उभी हाय" म्हणतील. न सांगितलं तर नाही म्हणणार. माझं डोकं हे एवढंच चाललं.

त्याच दिवसांत सेंटरमध्ये कॉम्प्युटर आला.

आपांच्या डोक्यात ते खूळ आधीपासून होतं. गणेशपुरीकडच्या पाड्यांवरून, खारबावकडून बायका दोन-दोन बस बदलून यायच्या, तेही गाठ लिंबाएवढी झाल्यावर. तिकडे एखादं मशीन नेऊन ठेवलं तरी फोटो वाचणार कोण? आणि स्वतः आपांचे डोळे साठीला आले होते. "सकाळच्या पहिल्या बाईला मी जशी बघते, तशी संध्याकाळच्या शेवटच्या बाईला बघते का, सुमन? खरं सांग." मी म्हणाले, "बघता की." त्या म्हणाल्या, "तू माझा पगार घेतेस, तू असंच म्हणणार. डोळा पेंगतो गो. मशीनचा पेंगत न्हाय."

कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे एक सर होते. बारीक, चष्मेवाले, बोलताना कायम आपल्या बुटांकडे बघणारे. आईला तपासायला घेऊन आले आणि आपांच्या तावडीत सापडले. दर रविवारी यायला लागले. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं: कॉम्प्युटरला गाठ म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. नुसते फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोचं उत्तर सांगायचं, ही साधी, ही वाईट. तो अंदाज करतो, चुकतो, आपण चूक दाखवतो, तो स्वतःला थोडं बदलतो. असं हजारदा घोकून घेतलं की न पाहिलेल्या फोटोचंही उत्तर त्याला देता येतं.

"म्हणजे नवी सून," आपा म्हणाल्या. "आपल्या घरात मीठ किती घालतात ते तिला पुस्तकात न्हाय मिळत. दहा वेळा आमटी खारट झाली की कळतं."

तेव्हापासून कॉम्प्युटर ती सून झाला. लाइट गेली की आपा म्हणायच्या, "सून झोपली."

फोटो निवडायचं काम माझ्याकडे आलं. ज्या बायकांच्या गाठीचा तुकडा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासून पक्का रिपोर्ट आला होता, तेवढेच जुने फोटो काढायचे. एका खोक्यात साधे, एका खोक्यात वाईट. सर रविवारी ते फोटो स्कॅनरवर ठेवून कॉम्प्युटरला खायला घालायचे.

माझ्यासारख्या घाबरट बाईच्या हातात दोन खोकी देणं ही आपांची चूक होती. मला रात्रंदिवस एकच काळजी: एक फोटो इकडचा तिकडे पडला तर? एखाद्या बाईचं वाईट साधं झालं तर? फोटो तर सगळे सारखेच, काळे, चकचकीत, तळहाताएवढे. म्हणून मी एक बंदोबस्त केला. चेकिंगला खराब कापडाच्या काठावर खूण करतात, म्हणजे फोल्डिंगवाल्याला अख्खा तागा उलगडावा लागत नाही. तशी मी प्रत्येक वाईट फोटोच्या काळ्या कडेवर व्हाइटनरचा एक बारीक पांढरा ठिपका लावला. त्या कडेला खोली मोजायचे पांढरे ठिपके मशीन आपणहून छापतं, एकाखाली एक. माझा ठिपका त्यांच्या शेजारी इतका छान बसला की मलाच माझं कौतुक वाटलं. खोकी उलटीपालटी झाली तरी आता काळजी नव्हती. आपांना सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? मी काठावर खूण केली होती. आठ वर्षं तेच तर करत होते.

दोन महिन्यांनी सरांनी परीक्षा घेतली. त्याच खोक्यांतले काही फोटो त्यांनी शिकवताना बाजूला काढून ठेवले होते, ते आता विचारले. सुनेनं एकेक सांगितलं. साधी. साधी. वाईट. साधी. वाईट. सगळी उत्तरं बरोबर. एकही चूक नाही. सर पहिल्यांदाच बुटांकडे न बघता आपांकडे बघत होते. आपा म्हणाल्या, "या अल्ला, ही तर माझ्यापेक्षा हुशार निघाली," आणि खालून सगळ्यांसाठी मावा जिलेबी मागवली. मी तीन खाल्ल्या. मनात ठरवून टाकलं: आता आपल्याला आपांना सांगायची गरज नाही. आपण सुनेला विचारू.

शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी आपा सुट्टी घ्यायच्या आणि ठाण्याहून एक नवे डॉक्टर येऊन बसायचे. फार लाजाळू. बाई तपासताना त्यांचेच कान लाल व्हायचे. एका शुक्रवारी मी, आपांना कळू नये म्हणून, रजिस्टरात भलतंच नाव लिहून त्यांच्याकडून स्वतःची तपासणी करून घेतली. त्यांनी कसाबसा फोटो काढला, म्हणाले, "गाठ आहे, ताई. आपांनी बघायला हवी," आणि तसं चिठ्ठीवर लिहिलं. मी म्हणाले, "हो, दाखवते." चिठ्ठी ब्लाऊजमध्ये गेली, तिथून घरी पिठाच्या डब्याखाली. आणि रविवारी सर फोटो स्कॅन करत होते त्या गठ्ठ्यात मी माझा फोटो मधोमध सरकवला. नंबर पाठ करून ठेवला होता.

सर सुनेची उत्तरं मोठ्यानं वाचत होते. माझा नंबर आला. "साधी."

मी आत मोरीत गेले आणि रडून घेतलं. संध्याकाळी देवाला नारळ फोडला. ह्यांनी विचारलं, "काय नवस होता?" मी म्हणाले, "लाइट बिल कमी आलं." पुढचा दीड महिना मी एवढी खुशीत होते की जेलीची बाटली गरम करताना गाणी म्हणायची. हरभरा तोपर्यंत वाटाण्याएवढा झाला होता. पण कॉम्प्युटरनं सांगितलं होतं ना, साधी. ज्याची एक चूक झाली नाही, तो माझ्याच बाबतीत का चुकेल?

मग खारबावला तपासणीचा कॅम्प झाला. तिथून नवे फोटो आले, ज्यांचे रिपोर्ट अजून यायचे होते. सरांनी ते सुनेला दाखवले. साधी. साधी. साधी. साधी. एका फोटोला आपांनी हात वर केला. "थांबा. ही साधी? हिच्या मागची सावली आंधळ्याला दिसेल."

"कॉम्प्युटर साधी म्हणतोय," सर म्हणाले.

"मग कॉम्प्युटरला चष्मा लावा."

सर दोन रविवार डोकं खाजवत बसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी काळा कागद आणि कात्री आणली. ज्या जुन्या वाईट फोटोंची उत्तरं सून बरोबर द्यायची, त्यातल्या एकेका फोटोचा एकेक भाग झाकायचा आणि परत विचारायचं. वरचा भाग झाकला. वाईट. खालचा झाकला. वाईट. शेवटी त्यांनी गाठच झाकली. अख्खी गाठ काळ्या कागदाखाली. सून म्हणाली, वाईट.

"ही गाठीकडे बघतच नाहीये," सर हळूच म्हणाले. मग त्यांनी फोटोची कड झाकली. सून म्हणाली, साधी.

मला त्या क्षणी समजलं. सरांच्या आधी, आपांच्या आधी. कापडाचा फॉल्ट कुठे आहे ते मला नेहमी लवकर दिसायचं. हा फॉल्ट मी स्वतःच्या हातानं विणला होता.

सरांनी फोटो उजेडात धरला. "आपा, इथे एक ठिपका जास्त आहे."

आपांनी दोरीला लटकलेला चष्मा लावला, नखानं खरवडलं. पांढरी खपली निघाली. त्यांनी ती बोटांत चोळली, वास घेतला आणि माझ्या टेबलाकडे बघितलं. टेबलावर व्हाइटनरची बाटली होती, झाकण उघडं.

"सुमन?"

"आपा, काठावर खूण केली," मी म्हणाले. "चुकू नये म्हणून. खराब मालाच्या काठावर करतात तशी."

मग आपांना जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. पोट धरून खुर्चीत बसल्या, डोळ्यांतून पाणी. "सर! अहो सर! ती हुशारच हाय! तिला काय पडलंय गाठीचं? तिनं बघितलं, सुमननं आधीच उत्तर लिहून ठेवलंय, आपण कशाला मरा!" सरही हसायला लागले. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी मात्र रडत होते. आधी मुसमुसत, मग मोठ्यानं. सर घाबरले. "अहो सुमनताई, काही बिघडलं नाही. परत शिकवू. चूक माझी आहे, मी कडा कापायला हव्या होत्या." आपा हळूहळू हसायच्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, पडद्याकडे बघायच्या तशा.

"सर, खाली जाऊन तीन चहा सांगा," त्या म्हणाल्या. सर गेले. "आता बोल. ठिपक्यासाठी माणूस येवढं रडत न्हाय."

मी नंबर सांगितला. "तो फोटो माझा आहे, आपा. त्याच्यावर मी ठिपका लावला नव्हता."

म्हणजे काय ते त्यांना लगेच कळलं. माझा फोटो कॉम्प्युटरनं पास केला नव्हता. मीच केला होता. प्रश्नही माझा, उत्तरही माझं, आणि मधे यंत्र बसवून मी त्याला नारळ फोडला होता.

आपा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाल्या, "चढ टेबलावर." जेली गार होती, कारण ती गरम करणारी टेबलावर होती. अंधारात त्यांचा हात फिरत राहिला. मी पडद्याकडे बघत नव्हते, पण त्या गाठीशी काही बोलतात का ते ऐकत होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खाली एक लूम चालू होता, त्याचे ठोके मी मोजत होते.

"उभी हाय," आपा म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच्या दुपट्ट्यानं माझी जेली पुसली. टेबलावरच बसल्या, माझ्या पायाशी. म्हणाल्या, "घाबर. मी हाय हिथे. चहा येईपर्यंत घाबर, मग उठायचं. उद्या मुंबईला जायचंय."

संध्याकाळी ह्यांना बोलावून घेतलं. हे तेलकट हात पाठीमागे लपवून उभे राहिले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पण आपा, ती तर तुमच्याकडंच कामाला आहे ना?" जसं काही पोलिसाच्या घरी चोरी होतच नाही. आपा म्हणाल्या, "म्हणूनच उशीर झाला, बेटा."

दुसऱ्या दिवशी सेंटरला कुलूप लावून त्या माझ्याबरोबर आल्या. मोठ्या हॉस्पिटलात रांगेत उभ्या राहिल्या, स्वतः डॉक्टर असून. माझ्या गाठीचा तुकडा काढला, रिपोर्ट आला, ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना न कळलेलंच बरं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने गेले असते तर बोलायला नको. आपांनी हे माझ्यासमोर एकदाच उच्चारलं आणि मग पुन्हा कधी काढलं नाही. केस गेल्यावर मात्र मला बघून म्हणाल्या, "आता तू आमच्या लूमवाल्या मेहतासारखी दिसतेस." मेहता म्हणजे खालच्या कारखान्याचा मुनीम. त्याला मिशीही होती. मी हसले. टाक्यांची जागा दुखली.

परत कामावर आले तर सर ओल्या कापसानं एकेक फोटो पुसत बसलेले. माझे ठिपके. एवढे होते की मला लाज वाटली. मीही पुसायला बसले. त्यांनी सगळ्या फोटोंच्या कडा कापल्या आणि सुनेला पहिल्यापासून शिकवलं. आता ती पुष्कळ चुकायला लागली. सर हिरमुसले, पण आपा खूश. "आता खरी सून झाली. चुकते, पण गाठीकडे बघून चुकते." जिथे दोघींचं उत्तर वेगळं यायचं, तो फोटो आपा घेऊन खिडकीत बसायच्या. बऱ्याचदा सून चुकलेली असायची. एक-दोनदा आपा. त्या दिवशी त्या कॉम्प्युटरवर फडकं मारायच्या, स्वतःच्या हातानं.

एका रविवारी सर बुटांकडे बघत म्हणाले, "सुमनताई, तुमचा फोटो मी शिकवण्यात घेतला नाही. विचारू का?" आपा म्हणाल्या, "तिला विचारा, तिचा फोटो हाय." मी हो म्हणाले. कॉम्प्युटर घरघरला, सरांनी पडद्यावर वाचलं आणि पुन्हा बुटांकडे बघायला लागले.

"काय म्हणतेय?"

"वाईट."

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. धावत खाली गेले आणि पावशेर पेढे घेऊन आले. यंत्रानं आपल्याला कॅन्सर सांगितला म्हणून पेढे वाटणारी बाई भिवंडीत माझ्याआधी झाली नसेल. सरांना कळेना, अभिनंदन करायचं की सांत्वन. त्यांनी नुसताच पेढा खाल्ला. आपांनी अर्धा खाल्ला, अर्धा मला भरवला आणि बराच वेळ खिडकीतून नाक्याकडे बघत राहिल्या. ट्रॅफिकशिवाय तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

ते पुढे टिकलं नाही. सरांना परदेशात नोकरी लागली. गणेशपुरीकडे मशीन न्यायचं राहूनच गेलं. कॉम्प्युटर काही दिवस फोटोंच्या खोक्यांखाली टेबल म्हणून उपयोगी पडला. लूम बंद पडायला लागले, ह्यांचं काम गेलं, आणि आम्ही गावाकडं परत जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी आपा जिना उतरून रिक्षापर्यंत आल्या. गुडघे दुखत होते तरी आल्या. एक लिफाफा दिला. "नांदेडच्या डॉक्टरला दे. दरवर्षी तपासणी व्हायला हवी. इंग्रजीत हाय, त्याच्यासाठी हाय, तुझ्यासाठी न्हाय."

मी तो लिफाफा दिला नाही. उघडला, इंग्रजी बघितलं, खाली आपांची सही आणि शिक्का बघितला आणि ठरवून टाकलं की हे माझं प्रशस्तिपत्र आहे. बाई हुशार, बाई प्रामाणिक, असंच काहीतरी असणार. लॅमिनेशन करून आणलं आणि देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. आमच्या गावात ते वाचू शकणारं कुणी नव्हतं, हे माझं नशीब. तपासणीचं म्हणाल तर, पुढच्या महिन्यात जाऊ, सुगी झाली की जाऊ, असं करत वर्ष उलटलं.

मग भिवंडीच्या शेजारणीचं पत्र आलं. आपा गेल्या. झोपेतच. जनाजा निघाला तेव्हा नाक्यावरचे लूम लोकांनी आपणहून बंद ठेवले. ते वाचून मी दिवसभर काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी खिळ्यावरचा कागद काढला आणि नांदेडची एसटी धरली.

डॉक्टर तरुण होते. लॅमिनेट केलेला कागद बघून आधी हसले, मग वाचताना गंभीर झाले. मी म्हणाले, "काय लिहिलंय, मलाही सांगा. आमच्या आपांनी माझी तारीफ केलीय."

त्यांनी ऑपरेशनची, औषधांची माहिती भराभर सांगितली. मग शेवटच्या दोन ओळींवर थांबले आणि मराठीत वाचून दाखवलं. "ही बाई कापडातला एक धागा तुटला तरी सांगते, स्वतःबद्दल मात्र सांगत नाही. काही त्रास आहे का विचारलं की आधी नाही म्हणेल. कृपया तिला दोनदा विचारा."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "काही त्रास आहे का, मावशी?"

"नाही हो. बरं आहे," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा विचारलं.

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले.